कोणाची हरकत?

वर्गात मी फळ्यावर दोन रेघा काढते, एक आडवी आणि एक उभी. आडव्या रेघेवर सहभाग, म्हणजे किती लोकांना कारभारात भाग घेता येतो. उभ्या रेघेवर स्पर्धा, म्हणजे सत्तेवरच्या माणसाच्या विरोधात उभं राहायची किती मोकळीक आहे. मग एकेक देश उचलायचा आणि त्या दोन रेघांच्या मध्ये कुठंतरी बसवायचा. तौलनिक राजकारण शिकवणाऱ्यांना हा खेळ फार आवडतो. नांदेडच्या एका कॉलेजात, लाईट गेलेली, पंखा बंद, आणि आपण जगातल्या राजवटींना 'तू इकडं सरक, तू तिकडं बस' म्हणून सांगतोय. घरात आपलं एवढं कोणी ऐकत नाही.

एकदा असेच सगळे देश बसवून झाले आणि मी हात झटकले, तेव्हा नायगावकडची एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, "मॅडम, आमच्या गावची ग्रामपंचायत दरवेळी बिनविरोध निघते. मत टाकायची पाळीच येत नाही. मग आमचं गाव कुठं बसवायचं?"

मी खडू घेऊन फळ्याकडं गेले. खडू आधी वर नेला, मग खाली आणला, मग म्हणाले, "चांगला प्रश्न आहे. पुढच्या तासाला बघू." उत्तर येत नसलं की मास्तर लोक हेच म्हणतात, हे आता विद्यार्थ्यांनाही ठाऊक आहे.

खरं सांगायचं तर तो प्रश्न मला झोंबला होता. माझं माहेर रेणापूर तालुक्यात, आणि आमचंही गाव बिनविरोधवालं. 'आमच्या गावात निवडणूक होत नाही' हे माझे वडील पाहुण्यांना अशा थाटात सांगायचे, की जणू घरात कुणाला शुगर नाही. पाहुणेही मान डोलवायचे. मी लहानपणापासून हे ऐकत आले, पुढं राज्यशास्त्रात पदव्या घेतल्या, आणि त्यात विचारण्यासारखं काही आहे असं मला कधी वाटलं नव्हतं.

या पद्धतीमागं कारण होतं. मी शाळेत जायला लागले त्या सुमाराला गावात एक निवडणूक झाली होती, दोन पार्ट्यांची. त्यात गल्लीचे दोन तुकडे झाले. लग्नाची आमंत्रणं बंद झाली, विहिरीवरच्या पाळ्या बंद झाल्या. मग एक म्हातारं माणूस गेलं आणि तिरडीला खांदेकरी कमी पडले. अर्धं गाव दारात उभं राहून बघत होतं, पण पुढं कोणी येईना. आमचे आबा तेव्हा तरुण होते. आबा म्हणजे नात्यानं माझे चुलत आजोबा, आणि गावाच्या नात्यानं सगळ्यांचेच आबा. त्यांनी त्या दिवशी पारावर सांगितलं, की इथून पुढं या गावात इलेक्शन न्हाई. जे ठरवायचं ते बसून ठरवू. ही गोष्ट आबांच्या तोंडून ऐकली की माझ्याजवळच्या कुठल्याही पुस्तकाची तोंड उघडायची हिंमत होत नाही.

तेव्हापासून रिवाज पडला. फॉर्म भरायचे दिवस जवळ आले की मारुतीच्या पारावर बैठक बसायची. आबांच्या मांडीवर नारळ असायचा. ते एकेका जागेला एकेक नाव घेत आणि विचारत, "कोणाची हरकत?" लोक एका सुरात म्हणत, "हरकत न्हाई." असं तीनदा विचारायचं. शेवटच्या जागेला तिसऱ्यांदा 'हरकत न्हाई' आलं की नारळ फुटला, खोबरं वाटलं, विषय संपला.

स्वित्झर्लंडच्या काही भागांत आजही लोक चौकात जमतात आणि हात वर करून कारभार ठरवतात, हे मी वर्गात मोठ्या कौतुकानं सांगत असे. नायगावच्या मुलीनं विचारल्यावर मात्र पहिल्यांदा मनात आलं, की तिथं नको म्हणणाराही हात वर करतो, आणि तोही मोजतात. आमच्या पारावर नको म्हणायला शब्दच नव्हता. म्हणजे होता, पण तो आबांच्या प्रश्नात होता, लोकांच्या उत्तरात नव्हता. शिवाय पारावर कोण बसायचं? बायका नाहीतच. बौद्ध वस्तीतून एकाला बोलावणं जायचं, तो येऊन कडेच्या पायरीवर टेकायचा, आणि त्याला ठरलेलं सांगितलं जायचं. त्याचंही 'हरकत न्हाई' त्या सुरात मिसळून जायचं. हे सगळं मी डोळ्यांनी बघितलेलं होतं, दिसलं मात्र आता.

त्याच वर्षी येळवसेला, म्हणजे वेळ अमावास्येला, मी माहेरी गेले. येळवसेला आमच्याकडं गावात कुत्रंसुद्धा राहत नाही, सगळे शेतात. भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, आणि ओळख असो-नसो, वाटसरूला हात धरून जेवायला बसवायचं. त्या दिवशी सुट्टी घेऊन येणाऱ्यांत आम्ही सगळ्या लेकी असतो. दुसऱ्या दिवशी दिवस मावळताना पारावर बैठक होती. फॉर्म भरायची मुदत जवळ आली होती. आमचं घर पारासमोरच, म्हणून मी आणि आई ओट्यावर शेंगा निवडत बसलो होतो. निवडणं नावालाच, आमचे कान पारावर होते.

बाकी जागा झाल्या आणि आबा शेवटी दोन नंबर वार्डाला आले. "बाईमाणसाची जागा हाय. धाकल्या भावाची सून. शिकलेली हाय, गुणाची हाय. कोणाची हरकत?"

"हरकत न्हाई."

"दुसऱ्यांदा इचारतो, कोणाची हरकत?"

"हरकत न्हाई."

"तिसऱ्यांदा. कोणाची हरकत?"

"हाय," असं रस्त्यावरून एका बाईच्या आवाजात आलं.

आबांना जरा कमी ऐकू येतं. त्यांनी ऐकलं 'हाव'. आमच्याकडं हाव म्हणजे होय. त्यांना वाटलं, कोणीतरी बाईनं जाता जाता मान्यता दिली. बरं वाटलं असणार त्यांना, बायका कुठं एरवी बोलतात! त्यांनी हसून त्या दिशेला मान हलवली आणि नारळ आपटला. पाणी उडालं, पोरांनी खोबरं वेचलं, वाटायला सुरुवात झाली.

"आबा, मी हाय म्हणलं," आवाज परत आला. "माझी हरकत हाय."

ती आमची काकू होती, माझ्या वडिलांच्या चुलत भावाची बायको. काका बरीच वर्षं झाली गेले. मुलगा पुण्याला कंपनीत. काका गेल्यापासून गावातली पिठाची गिरणी काकूच चालवते. गिरणीतून तशीच उठून आली होती. भुवया, केस, पदर, सगळं पिठानं पांढरं. त्या अवतारात तिला बघून एरवी मला हसू आलं असतं. त्या वेळी मात्र माझ्या हातातल्या शेंगा खाली पडल्या.

पारावर एकदम गलका झाला. भांडण असं नव्हतं. गोंधळच जास्त होता, कारण असं झाल्यावर काय करायचं हे कोणालाच माहीत नव्हतं. एक जण म्हणाला, नारळ फुटला म्हणजे झालं. दुसरा म्हणाला, तिनं आधी सांगितलं, नारळ मागून फुटला. तिसरा म्हणाला, पण खोबरं तर सगळ्यांनी खाल्लंय, खोबरं खाल्लं म्हणजे कबूल. त्यावर काकू म्हणाली, "मी कुठं खाल्लं? मला कोणी दिलंबी न्हाई." हे खरंच होतं. पारावरचं खोबरं आजवर कुठल्याच बाईच्या हातावर पडलेलं नव्हतं.

आबांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि विचारलं, "सूनबाई, त्या लेकराच्यात काय खोट दिसली तुला?"

"काईच न्हाई. लई चांगली हाय."

"मग कशाची हरकत?"

"मीबी उभी ऱ्हाणार हाय."

एवढं बोलून ती गिरणीकडं वळली. दळण अर्धवट टाकून आली होती ना!

रात्री जेवणं व्हायच्या आत आबा आमच्याकडं आले. ओट्यावर टेकले. मला म्हणाले, "बाई, तू शिकलेली हायेस, कालिजात हेच शिकवून राहिलीस. तुझं ऐकंल ती. समजूत काढ तिची." मग म्हणाले, "ती पडली ना, तर लई वाईट वाटंल तिला. आन तिच्या नादानं गाव फुटलं, तर मला. माझ्या हयातीत ती तिरडी मला पुन्हा बघायची न्हाई."

त्यांच्या आवाजात दरारा नव्हता, भीती होती. मला आबांचा राग यायला हवा होता असं नंतर मैत्रिणींनी मला सांगितलं. मला आला नाही. काकूचाही आला नाही. मला दोघांबद्दलही नुसतं विलक्षण कुतूहल वाटत होतं, आणि थोडी लाज, कारण मी दोन माणसांना दोन रेघांच्या मध्ये बसवून बघत होते.

सकाळी ज्वारीचा डबा घेऊन गिरणीत गेले. समजूत काढायला नाही. ती कामून उभी राहतेय, हे मला तिच्याच तोंडून ऐकायचं होतं. काकूनं डबा ओतला, पट्टा चढवला आणि गिरणीच्या आवाजात ओरडूनच बोलायला लागली. गिरणीवाल्या बायकांना हळू बोलायची सवयच राहत नाही.

"आबानं पाठवलं ना तुला?"

"पाठवलं. पण मी त्यासाठी आले नाही. खरं सांग, मेंबर होऊन काय करणारेस?"

"मेंबर व्हायचं कुणाला पडलंय?"

मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली. काकूनं पीठ हातावर घेतलं, चिमटीत चोळून बघितलं, गिरणीचा दगडी पाटा जरा आवळला. मग माझ्याकडं वळली.

"हे बग. तुजे काका गेल्यापास्नं ही गिरणी मी चालवून राहिले. समदं गाव माझ्याकडं येतंय. काकू म्हणतेत, हसतेत, बसतेत. पण गावात गिरणीच एक हाय, गं. जातेत कुठं? रेणापूरला दळायला जातेत का? मग ते माझ्यासाठी येतेत का गिरणीसाठी, हे मला कसं कळावं? मला एकडाव बघायचंय. आपलं म्हणणारं कोण हाय, किती हायेत. त्यांना दुसरीकडं जाता येत असताना."

मी गिरणीच्या दारात तशीच उभी राहिले. एकाच पक्षाच्या राजवटींत जवळजवळ सगळी जनता मतदानाला येते, जवळजवळ सगळी त्याच पक्षाला मत देते, आणि तरी त्यावरून जनतेच्या मनातलं काहीही कळत नाही, यावर मी वर्षानुवर्षं अख्खा तास घेत आले आहे. पण त्या राजवटीत सगळ्यात एकटा कोण पडत असेल तर तो सत्तेवर बसलेला माणूस, हे मला कधी सुचलं नव्हतं. सगळे त्याला नमस्कार करतात, आणि त्यातला खरा कुठला हे त्याला मरेपर्यंत कळत नाही.

"आणि कमी निघाले तर?" मी विचारलं. मला खरोखर तिची काळजी वाटत होती.

"तर कमी," काकू म्हणाली. "पण कळंल तरी." तिनं दोन्ही हातांच्या पेरांवर मोजून दाखवलं. हे घर नक्की, ते घर नक्की, त्या घरातली सासू नक्की पण सुनेचं सांगता येत नाही. दोन्ही हातांची पेरं कशीबशी भरली. मग मला म्हणाली, "तुजं धरलं न्हाई. तुजं मत नांदेडात."

सहभागावर व्याख्यानं देणाऱ्या बाईचं, जिथं तिचा जीव अडकला होता त्या एकाच वार्डात, मत नव्हतं. लेक गावाला पाहुणी, हे काकू हसत म्हणाली, पण मला ते लागलं.

नांदेडला परतल्यावर स्टाफरूममध्ये हा किस्सा सांगितला. तिथं आमचे एक निवृत्त सहकारी रोज वर्तमानपत्र वाचायला येतात. आयुष्यभर उर्दू शिकवलं त्यांनी. ते शेवटपर्यंत ऐकत होते आणि मग पोट धरून हसायला लागले. म्हणाले, "मॅडम, आमच्यात हरकत बोले तो हिलना-डुलना. मुर्दे में हरकत नहीं होती. तुमच्या गावात इतकी वर्षं सगळे ओरडून सांगत होते, की हरकत नहीं, हरकत नहीं!" मग गंभीर होऊन म्हणाले, "बुजुर्ग कह गये, हरकत में बरकत. काकूंना माझा सलाम सांगा." एकच शब्द. अरबी-फारसीतून इकडं आला, मराठीच्या तोंडी पडला आणि हालचालीची अडचण झाली. मी वर्गात जाऊन नायगावच्या मुलीला हे सांगितलं. ती म्हणाली, "मॅडम, मग गाव कुठं बसवायचं?" पोरगी सोडणारी नव्हती.

अर्ज माघारी घ्यायच्या दिवशी काय झालं ते आईनं फोनवर सांगितलं. आबांनी जीप पाठवली. काकू लगेच बसली. सगळ्यांना वाटलं, ऐकलं एकदाचं. रेणापूरला तहसीलपाशी जीप थांबली. काकू म्हणाली, आधी भूक लागलीय. भजे खाल्ले, चहा झाला. मग म्हणाली, बाजार आहे, गिरणीचा पट्टा बघून येते. पट्टा मिळाला, घासाघीस झाली, काकू परत आली तेव्हा माघारीची वेळ टळून गेलेली. ती नवा पट्टा गळ्यात अडकवून जीपमध्ये येऊन बसली. बाकी सगळ्या जागा बिनविरोध झाल्या, सरपंचाचीसुद्धा. उरली ती एकच जागा, आणि एकच वार्ड.

काकूला चिन्ह मिळालं कपबशी. ते तिला फार सोयीचं वाटलं, कारण गिरणीवर येणाऱ्याला ती एरवीही चहा द्यायची. मग कुणीतरी तक्रारीची भाषा केली, की कपबशीतून चहा पाजणं हा प्रचार होतो. त्यावर पारावर दोन दिवस चर्चा झाली. शेवटी काकू मतदान होईपर्यंत स्टीलच्या ग्लासातून चहा द्यायला लागली आणि ग्लास हातात देताना प्रत्येकाला सांगायला लागली, की कपबशीत देता येत नाही बरं का, चिन्ह हाय माझं. आई हे सांगताना इतकी हसली की तिला ठसका लागला.

मधल्या एका रविवारी मी गेले, तेव्हा गिरणीत ती सून भेटली. जिचं नाव पारावर घेतलं होतं ती, काकूच्या विरोधातली उमेदवार. दळण घेऊन आली होती. तिनं डबा ठेवला, काकूच्या पाया पडली आणि म्हणाली, "काकू, राग मानू नका. मला तर कोणी इचारलंच न्हवतं. घरी येऊन सांगितलं की तू उभी हायेस."

"मग नको हाय का तुला?" काकूनं विचारलं.

"आधी नको वाटत व्हतं. आता..." ती ओशाळून हसली. "तुमी उभ्या राहिल्या म्हणून मला दारोदार जावं लागलं. लग्न करून आले तवापास्नं घर आन शेत एवढंच बघितलं व्हतं. बौद्ध वस्तीतली शेवटची घरं तर मी पहिल्यांदा बघितली. तितं नळाला पाणीच येत न्हाई, काकू. आता वाटतंय निवडून यावं."

काकूनं तिचं दळण रांग मोडून आधी घेतलं. मला काकूचा तेव्हा जितका अभिमान वाटला तितका पुढं निकालाच्या दिवशीही वाटला नाही.

मतदानाच्या दिवशी शाळेसमोर जत्रा भरल्यासारखं झालं. एका जागेसाठी मशीन आलं, साहेब आले, पोलीस आले. बाकीच्या वार्डांतले लोक नुसते बघायला आले होते आणि हळूहळू त्यांचे चेहरे पडत चालले, कारण दोन नंबरवाले आत जाऊन येत होते आणि यांना आत जाता येत नव्हतं. एक पैलवान गडी मला म्हणाला, "ताई, आमच्या वार्डातबी कोणीतरी उभं राहायला पायजे व्हतं." मीही त्यांच्यातच, शाळेच्या भिंतीला टेकून उभी. विधानसभेला, लोकसभेला हे सगळे मत देतात. पण तिथला उमेदवार दूरचा. इथं दोन्ही उमेदवार आपल्या ओळखीच्या, एकीच्या हातचं पीठ रोज पोटात जातं. आत गेलेला माणूस नुसता बटण दाबून यायचा, पण बाहेर येताना प्रत्येकाचा चेहरा दगडासारखा. कोणी कोणाकडं बघत नव्हतं. आबा सकाळपासून वडाखाली खुर्ची टाकून बसले होते. कुठं बाचाबाची होते का म्हणून त्यांची नजर भिरभिरत होती. काही झालं नाही. दुपारी ते स्वतः आत जाऊन आले. बाहेर येताना त्यांचाही चेहरा तसाच.

काकू पडली. रेणापूरला मोजणी झाली आणि दहा वाजायच्या आत फोन आला. फटाके वाजले. पण विजयी मिरवणूक गिरणीच्या गल्लीत आली तशी आपोआप हळू झाली, हलगी थांबली, आणि ती सून खाली उतरून गिरणीत गेली. काय बोलल्या माहीत नाही. बाहेर आली तेव्हा तिच्या गुलालावर पीठ होतं.

मी गेले तेव्हा काकू पोत्यावर बसली होती. गिरणी बंद. तिचे डोळे लाल होते आणि तिनं ते लपवले नाहीत. "पडले की गं," म्हणाली. मी जवळ बसले. पराभवावर माझ्याजवळ भरपूर संदर्भ होते, त्यातला एकही त्या पोत्यावर बसवता येण्यासारखा नव्हता.

मग ती आपणहून म्हणाली, "पर एक कळंना. मला मतं किती पडली, तुला ठावं हाय का?"

ठाऊक होतं. तिनं पेरांवर मोजली होती त्याच्या दुपटीहून जास्त.

"मंग हे वरचे कोण?" काकूनं परत पेरं धरली. नक्की असलेली घरं मोजली. त्यांतली सगळी तिलाच पडली असं धरलं तरी बरीच उरत होती. मग ती अनोळखी मतं घेऊन घरोघर फिरायला लागली, मनातल्या मनात. हा असेल का? छे, हा त्यांच्या भावकीतला. ती असेल का? तिच्याशी तर दिवाळीपासून बोलणं नाही. बौद्ध वस्तीतला, पारावर पायरीवर टेकणारा तो? पैलवान तर दुसऱ्या वार्डातला. मधेच थांबून माझ्याकडं बघितलं आणि अगदी हळू, गिरणीवाल्या बाईला न शोभेल इतकं हळू विचारलं, "आबा असतील का गं?"

"कळत नाही काकू. कळूच नये अशी सोय केलेली असते," मी म्हणाले. कित्येक देशांत पूर्वी मत मोठ्यानं, सगळ्यांसमोर सांगावं लागे, मग भांडून ते झाकलं, असं मी पुढं सांगणार होते. तेवढ्यात दारात एक माणूस आला. डोक्यावर ज्वारीचं गाठोडं. हा माणूस गावभर तिरसट म्हणून प्रसिद्ध, आणि काकूचं त्याच्याशी साफ वाकडं. प्रत्येक वेळी ओलं दळण आणतो, पाट्याला चिकटतं, आणि प्रत्येक वेळी दोघांची जुंपते.

काकू उठली. गाठोडं सोडून दाण्यांत हात घातला. दाणे ओले होते. मला लांबूनही कळलं, कारण तिच्या कपाळावरची शीर उठली आणि तोंड उघडलं. मी कान झाकायच्या तयारीत होते.

शिवी आली नाही. ती त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. तो दगडासारखा उभा. मग काकूनं हात बाहेर काढला, पदराला पुसला आणि म्हणाली, "वल्लं हाय जरासं. उनात घालते मी. बसा, च्या घ्या." तो माणूस इतका गांगरला, की बसायचं का पळायचं हे त्याला ठरवता येईना.

चहा ठेवायला आत जाताना काकू माझ्या कानाशी वाकली.

"मरणाची पंचाईत झालीय, गं बाई. आता ह्या गावात कुणासंगं भांडावं, तेच कळंना."